गाऱ्हाण्यातली बाई

रविवार, ४ जानेवारी १९८७. महाड.

श्रीपतच्या ओटीवर बसून लिहितो आहे. शेट्ये सरांनी सांगितलं, ज्याला गोष्ट लिहायची आहे त्याने आधी रोजचं लिहायला लागावं, हात वळतो. माझा हात कागदावर वळलेला आहेच, पण तो घडी घालायला. गिरगावातल्या छापखान्यात उभी हयात फर्मे दुमडण्यात गेली. फर्मा म्हणजे सोळा पानं छापलेला मोठा कागद. मी घडी घालायचो आणि हा श्रीपत शिलाईचे टाके घालायचा. वाचायला मी त्या फर्म्यांवरच शिकलो, शाळेत नव्हे. त्यामुळे गोष्टी वाचल्या ढीगभर, पण सगळ्या मधल्याच. लग्न कुणाचं कुणाशी ठरलं ते आधीच्या फर्म्यात, झालं की मोडलं ते पुढच्या. आणि पुढचा फर्मा नेहमी दुसऱ्याच्या टेबलावर!

आता दोघेही निवृत्त. श्रीपत महाडात आपल्या घरी, मी वर कुडपणला. वाचनालयाच्या माडीवर पंधरवड्याला कथालेखनाचा वर्ग सुरू झाला, तर यानेच निरोप धाडला, “ये, मरायच्या आधी एका गोष्टीचा शेवट तरी बघ.” वर्गात सगळी कॉलेजची पोरं, वसाहतीतल्या कारखान्यांचे दोघे कारकून आणि आम्ही दोन थेरडे.

आजचे शब्द लिहून ठेवतो. कथाबीज, म्हणजे नाचणीचा दाणा. कथानक, म्हणजे एकामागून एक काय झालं आणि कशामुळे झालं. ‘कशामुळे’ महत्त्वाचं, असं सर म्हणाले. पात्र. वातावरण. संघर्ष, म्हणजे पात्राला काहीतरी हवं असतं आणि वाटेत काहीतरी आडवं येतं. आडवं काही नसेल तर गोष्ट नाही. मग निवेदक, सांगणारा. त्यातही एक असतो सर्वसाक्षी निवेदक. सगळ्यांच्या मनातलं त्याला ठाऊक असतं.

इथं श्रीपतने मला कोपर मारलं. “सर, हा त्यांच्या गावचा गाऱ्हाणेकर हाय. गावातल्या सगळ्यांच्या मनातलं ह्यो देवीला सांगतो. याला इचारा.”

मग मला उभं राहून सांगावं लागलं. आमच्याकडे कुणाचं काही अडलं, गाय हरवली, पोर आजारी पडलं, की वाघजाईपुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. ज्याचं गाऱ्हाणं असेल तो नारळावर हात ठेवून मुका उभा राहतो. बोलायचं मी. लोक ‘होय महाराजा’ म्हणतात. सर खूश झाले. म्हणाले, “काशीरामबुवा, मग तुम्ही जन्मभर सर्वसाक्षी निवेदकच आहात की.”

छाती फुगली, खोटं कशाला लिहू.

बुधवार, ७ जानेवारी. कुडपण.

घाट चढून आलो की गुडघे दोन दिवस बोलतात. बायको ठकू म्हणाली, “गोष्टी लिवून कुनाचं प्वाट भरलंय? त्यापरीस गणूला कायतरी निरोप धाडा.”

गणू आमचा एकुलता. ट्रकवर आहे, गुजरातेकडे. मागच्या शिमग्याला आला नाही, गणपतीत आला नाही. लोक वापीचं काही काही बोलतात. लोकांच्या तोंडाला झाकण नसतं.

सून मंजुळा मात्र गुणाची. पाणी, लाकूडफाटा, गुरं, शेत, सगळं तिच्या जिवावर. सातवी झालेली आहे. मी आलो की वर्गात काय झालं ते बसवून विचारते. आज म्हणाली, “मामंजी, महाडात त्या बालवाडीच्या बाई भेटल्या का हो?”

त्या बाई दिवाळीत वर आल्या होत्या. महाडला महिला मंडळाचा बालवाडी शिक्षिकांचा वर्ग आहे, पाडव्यानंतर सुरू होतो, राहायची सोय आहे, असं काहीतरी सांगत होत्या. मी म्हटलं, “नाय गो, भेटल्या नाय. भेटल्या तर काय सांगू?”

“काय नाय. नमस्कार सांगा.”

मोठी आदबीची पोर. दुपारी तिने तिची पत्र्याची ट्रंक उन्हात काढून पुसली. सुनेला टापटिपीचं फार.

मला कथाबीज सापडलं आहे. घरातच होतं. नवऱ्याची वाट पाहणारी बाई. गोष्टीचं नाव ‘वाट’.

गुरुवार, १५ जानेवारी.

आज पौर्णिमेची गाऱ्हाणी. ठकूच्या सांगण्यावरून मंजुळेचंही घातलं. काय सांगू, आजवर असं गाऱ्हाणं माझ्या तोंडून गेलं नव्हतं!

सरांचे शब्द डोक्यात घोळत होते. आधी वातावरण बांधलं. सुनं घर, दारातली समई, वाटेकडे लागलेले डोळे. मग पात्र. मग मनात आलं, यात आडवं काय आहे? नुसतं ‘धनी येऊ दे’ म्हटलं तर ते सपक, रोजचंच. संघर्षाला धार हवी. आणि ठरवलं नसताना तोंडून निघून गेलं: “जोवर हिचा धनी दारात येऊन उभा राहत नाय, तोवर ही तुझी लेक गावची शीव ओलांडायची नाय, महाराजा!”

‘होय महाराजा’ असं उठलं की देवळाची कौलं हलली. येसाजी आमच्या गावकीचा मुख्य, सहसा कुणाला बरं म्हणत नाही. तो बाहेर येऊन म्हणाला, “काशीदा, आज अंगावर काटा आला रं.”

मंजुळेचा हात नारळावर होता. गाऱ्हाणं संपलं तरी तिने तो उचलला नाही. देवीपुढं माणसाचं असं होतं.

शनिवार, १७ जानेवारी.

मंजुळा भाकरी थापताना म्हणाली, “मामंजी, शीव म्हंजे नेमकी कुठवर हो?”

“म्हसोबाच्या दगडापातुर.”

“आनि पोलादपूर?”

“ता दगडाच्या पल्याड गो. खूप पल्याड.”

“म्हंजे महाड त्याच्याहून पल्याड,” असं म्हणून हसली. हसली की काय कोण जाणे, तव्याचा धूर होता. सातवी शिकूनही पोरीचा भूगोल कच्चाच राहिला.

उद्या वर्ग. पहाटे निघायचं.

सोमवार, १९ जानेवारी.

काल वर्गात ‘वाट’चं पहिलं पान वाचलं. समई, दार, वाट, डोळे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, वातावरण छान. पात्र अजून उभं राहिलेलं नाही.

मी म्हटलं, “सर, उभीच आहे की ती. दारात.”

सगळे हसले. सरही हसले, पण त्यांना ते अभिप्रेत नव्हतं. काय होतं ते मला कळलं नाही.

श्रीपतच्या घराकडे जाताना तो म्हणाला, “काशा, तुजी बाई मुकी हाय काय रे? पान संपलं, एक शब्द बोलली नाय.”

“दुःखात आहे ती.”

“दुःखात मानसं मुकी व्हत नाय. आमच्या आळीत ये, दाखवतो.”

गाऱ्हाण्यातलं ते वाक्य त्याला मोठ्या हौसेने ऐकवलं. वाटलं, हा कारागीर माणूस, टाका ओळखेल. त्याने तंबाखूची चिमूट मळली. मग म्हणाला, “तिला इचारलंस?”

“गाऱ्हाण्यात विचारतात का?”

“मला काय ठावं. आमच्या आळीनं देवाकडं मागायचं कवाच सोडलं. जिथं जायचं तिथं चालत जातो.” आणि विषय बदलला. याच्या बोलण्याला नेहमी एक गाठ असते, टाके घालून घालून सवय झालेली.

यष्टीच्या थांब्यावर त्या बालवाडीच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, “मंजुळाबाईंची खोली सांगून ठेवू ना? पाडव्यानंतर वर्ग सुरू. हुशार आहे हो तुमची सून.” मी ‘बघू’ म्हटलं. खोली कसली? नीट विचारायचं राहिलं, यष्टी सुटली.

शुक्रवार, २३ जानेवारी.

बाईंचा निरोप मंजुळेला आज सांगितला. इतके दिवस का सांगितला नाही, ते मलाच कळत नाही. ती गोठ्यात शेण भरत होती. म्हणाली, “त्यांना सांगा, खोली दुसरीला द्या. मी शिवेच्या आत हाय.”

बस, एवढंच. आवाज चढला नाही, भांडं आपटलं नाही.

टोचलं. पण दरवाजा फुगला की बसत नाही, तसं झालं आहे. काय अडतं आहे ते दिसत नाही, नुसता आवाज येतो. रात्री झोप लागली नाही. गोष्ट मनासारखी होत नाही म्हणून असेल.

मंगळवार, ३ फेब्रुवारी.

सरांनी परवा संवादाबद्दल सांगितलं. पात्राच्या तोंडी त्याचेच शब्द हवेत. मग मी ‘वाट’मधल्या बाईला बोलकी केली. मंजुळेला वाचून दाखवलं:

“‘हे प्राणनाथा, तुमच्या विरहाने माझे जीवन वैराण झाले असून मी आपल्या चरणांची दासी...’”

मंजुळा हातातला विळा खाली ठेवून हसायला लागली. पोट धरून. ठकू आतून बाहेर आली, काय झालं म्हणून.

“मामंजी, असं कोन बोलतं हो?”

“मग तू काय म्हणशील?”

हसणं थांबलं. म्हणाली, “मी? मी कुनाला काय म्हनू? इचारनारा तं पायजे.” आणि विळा घेऊन उठली.

ठकू म्हणाली, “बघा, पोरगी हसली किती दिसांनी. लिवा आजून तसलं.”

ट्रंक माळ्यावर परत गेली आहे. मी ठेवली नाही, ठकूनेही नाही.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी.

झरा आटत चालला. मंजुळा आता पठाराच्या पार टोकाला जाते. काल पाठोपाठ गेलो, म्हटलं एक कळशी आपण घ्यावी. तर ती हंडा खाली ठेवून म्हसोबाच्या दगडाजवळ उभी. दगडाच्या अलीकडे, अगदी बोटभर. खाली घाटातली वाट दिसते तिथून. मला पाहून म्हणाली, “वारा बरा हाय हितं.”

वारा अजिबात नव्हता.

रविवार, १५ फेब्रुवारी. महाड.

आजचा धडा दृष्टिकोन. घडलेली गोष्ट एकच, पण कुणाच्या डोळ्यांनी बघता त्यावर ती बदलते. सरांनी सांगितलं, तुमची गोष्ट गोष्टीतल्या दुसऱ्या माणसाने ‘मी’ म्हणून सांगायची. इथंच बसून, आत्ता.

पोरं भराभरा लिहायला लागली. मी लिहिलं, ‘मी दारात उभी आहे. मला’

आणि पुढं काही नाही. ‘मला’ नंतर काय? समई सुचली, डोळे सुचले. ते सगळं बाहेरचं, दारातून मला दिसतं ते. आतून बघायला गेलो तर काळोख. ज्या बाईच्या हातची भाकरी इतकी वर्षं खातो, तिला काय हवं ते मला लिहिता येईना.

सर्वसाक्षी म्हणे!

सर येऊन शेजारी बसले. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस, पण हसला नाही. म्हणाला, “बुवा, अडलात ते बरं झालं. जे लिहिता येत नाही, तिथंच गोष्ट असते बहुतेक वेळा.”

श्रीपतकडे आज जेवण गेलं नाही.

रविवार, १ मार्च. कुडपण.

मी ‘वाट’ पुरी करून नेली. शेवट असा: शिमग्याच्या होळीला नवरा येतो, बाई पायावर डोकं ठेवते, समई उजळते. वर्गात पूर्ण वाचली. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“काशीरामबुवा, रागवू नका. हा शेवट त्या बाईचा नाही. हा तुमचा आहे. नवरा यावा असं तुम्हाला वाटतं. तिला काय वाटतं ते गोष्टीत कुठेच आलेलं नाही.”

“तिलाही तेच वाटणार. बायको आहे ती.”

“विचारलंत तिला?”

“गोष्टीतल्या बाईला कसं विचारणार सर?”

“हाक मारून पाहा,” म्हणाले. गंमतीने म्हणाले असतील.

मला राग आला. यष्टीत बसल्यावरही उतरला नाही. पोलादपूरला उतरलो, घाट चढायला लागलो, आणि निम्म्या वाटेवर कळलं की हा राग सरांवरचा नाही.

गुरुवार, ५ मार्च.

येसाजीकडे गेलो. म्हटलं, “पौर्णिमेला माझ्या तोंडून एक शब्द जास्तीचा गेला. शिवेचा. तो माघारी घ्यायचा आहे.”

येसाजी सुपारी कातरत होता. “का रं? गाव वाखानतो हाय.”

“सुनेला महाडला जायचं असावं. शिकायला.”

“तिनं सांगितलं तुला, जाऊ द्या म्हनून?”

“नाही.”

“मग?” अडकित्ता थांबला. “हे बघ काशीदा, तू बोललास, पन गाऱ्हानं तुजं नाय. नारळावर हात कुनाचा व्हता? तिचा. मोडायचं तं तिनं सोताच्या तोंडानं मोडायचं. आनि बायमानूस गाऱ्हानं घालत नाय. म्हंजे मोडत बी नाय.”

“मग हे सुटायचं कसं?”

“गणू आला की सुटलं. तूच तं बोलला हायस.”

विहिरीत दोर सोडला आणि वरचं टोकच हातात धरलं नाही, अशी माझी गत. गोष्टीत पात्राला बांधलं तर पुढच्या पानावर सोडता येतं. इथं पान उलटत नाही.

खरं तर आणखी एक लिहायला हवं. ती गेली तर पाणी कोण आणणार? ठकूचे गुडघे गेलेले, माझे जायला आलेले. गाऱ्हाणं घालताना हे माझ्या मनाच्या कुठल्या कोपऱ्यात होतं का? नव्हतं म्हणायला जीभ रेटत नाही. होतं असंही म्हणवत नाही.

सोमवार, ९ मार्च.

काल सांजेला गणू आला!

ठकूने दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. “पावली गो बाय माजी वाघजाई!” असं म्हणत सगळ्या वाडीला ऐकवून आली. मंजुळेने पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं.  दोघं एका छपराखाली, जशी यष्टीत शेजारी बसलेली दोन अनोळखी माणसं.

माझ्या गोष्टीचा शेवट घरात येऊन बसला आहे. समई लावलेली आहे. उजळलेलं काही नाही.

मंगळवार, १० मार्च.

सकाळी गणूने मला गोठ्यामागे नेलं. बूट चिखलात रुतू नयेत म्हणून दगडावर उभा राहिला.

“बाबा, आता लपवन्यात मतलब नाय. तिकडं माजा संसार हाय. पोरगा हाय दोन वर्षांचा.”

 वाडीने आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

“मंजुळाला काय तरास नाय माजा. ऱ्हाऊ दे हितंच. तुमची, आयेची चाकरी करील.”

गोठ्याच्या कुडापलीकडे ठकू होती, तिने ऐकलं. बाहेर आली ती हातात झाडू घेऊन. मला वाटलं आता नातवाचं विचारणार. विचारलंही, “काय नाव पोराचं?” त्याने सांगितलं. तिने डोळ्याला पदर लावला. मग पदर खाली घेऊन म्हणाली, “आनि मी तुज्याकडं चाकर मागितली व्हती काय रं? सून आनली मी. चाकर नाय आनली.”

दुपारच्या आत तो गेला. होळीलासुद्धा थांबला नाही.

मंजुळा नेहमीसारखी पाण्याला गेली होती. म्हसोबाच्या दगडाशी त्याला वाट द्यायला बाजूला झाली असेल.

शुक्रवार, १३ मार्च.

गावात वाद पेटला आहे. काहींचं म्हणणं, धनी दारात येऊन उभा राहिला, शब्द पुरा झाला, सून मोकळी. येसाजीचं म्हणणं, आला पण राहिला नाही, म्हणजे आलाच नाही. परवा होळीला काशीरामने पुन्हा गाऱ्हाणं घालावं, की गणू कायमचा परतावा, तोवर शीव तीच.

चावडीवर सगळे बोलले. ठकूही कोपऱ्यातून बोलली. ज्या बाईबद्दल चाललं होतं ती घरी नाचणी दळत होती.

सांजेला मी जात्याजवळ जाऊन बसलो. बरेच दिवस हे वाक्य जिभेवर होतं.

“मंजुळा.”

“जी.”

“तुला काय हवं हाय गो?”

जातं थांबलं नाही. दोन घास घातले तिने, दोन फेरे झाले. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

“लवकर इचारलंत,” ती म्हणाली.

मी मान खाली घातली. मग तिचाच सूर उतरला. “मला महाडास जायचाय, मामंजी. दिवाळीपासून जायचाय. तुमची मानसं वाईट म्हनून नाय. मला तिथं पोरांच्या मधी बसायचाय. ही वाट बघायची गोष्ट तुमची हाय. मी कवा वाट बघितली? मी कामं करत व्हते.”

तेवढं बोलून तिने पुन्हा जात्याचा खुंटा धरला. पीठ पडत राहिलं. मी तसाच बसून राहिलो, ठकूने दिवा आणून ठेवला तरी.

सोमवार, १६ मार्च.

काल होळी झाली. 

होळी पेटायच्या आधी देवळात गाऱ्हाणी. सगळा गाव, मुंबईकरही आलेले. येसाजी म्हणाला, “काशीदा, आधी तुज्या घरचं घे.” मंजुळा पुढे आली, नारळावर हात ठेवला, मान खाली. जशी जानेवारीत होती तशीच.

मी तोंड उघडलं. वातावरण, पात्र, संघर्ष, सगळं तयार होतं, हुकमी. जन्मभराची सवय. पण मी नारळ उचलला आणि तिच्या ओंजळीत दिला.

“माझं सांगून झालं. आता जिचं गाऱ्हाणं तिनं सांगावं.”

येसाजी ओरडला, “काशीदा, खूळ लागलंय काय? बायमानूस...”

“नारळावर हात तिचा, असं तूच बोललास ना येसा? मग जीभही तिचीच.”

मागे कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी दिली. मंजुळेने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नाही जमायचं तिला, मी उगाच चारचौघांत उभं केलं पोरीला. पुन्हा न विचारताच! मग तिने पदर सारखा केला.

“आई वाघजाई, मी मंजुळा.” आवाज बारीक, पण देवळात बाकी आवाजच नव्हता. “माज्या सासऱ्यानं माज्यासाठी मागितलं ता चांगल्या मनानं मागितलं. पन ता माजं मागनं नव्हतं. ज्याचं त्यानं घर केलं हाय, त्याला सुखी ठेव. त्याच्या पोराला बी. माज्या नावानं शिवेवर घातलेला शब्द तू माघारी घे. मला महाडास जायचाय, शिकायचाय. शिकून पोरांना शिकवायचाय. येवढंच हाय.”

समई नाही, डोळे नाहीत. एवढं आखूड गाऱ्हाणं त्या देवळात कधी झालं नसेल.

आणि कुणी ‘होय महाराजा’ म्हणेना. माणसं एकमेकांची तोंडं बघत होती. त्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही, हे तिला ठाऊक होतं, तिने नारळ तसाच पुढे धरून ठेवला.

मी आयुष्यात कधी ते म्हटलेलं नाही. मी नेहमी पलीकडे, सांगणाऱ्याच्या जागी. आवाज फुटला तो चिरका, पोरासारखा.

“होय महाराजा.”

माझा एकट्याचा आवाज भिंतीला लागून परत आला. मग बायकांतून, अगदी मागून, ठकूचा खरखरीत आवाज, “व्हय म्हाराजा!” मग तिच्या शेजारणींचा. मग मुंबईकर पोरांचा. येसाजीचे ओठ हलले की नाही ते मी पाहिलं नाही. पण नारळ त्यानेच फोडला, आणि पहिली शकलं तिच्या हातावर ठेवली.

घरी आल्यावर ठकू मला म्हणाली, “आता पानी कोन आननार ता बोला, गाऱ्हानेकर.”

मंगळवार, ३१ मार्च.

काल पाडवा झाला. आज मंजुळा निघाली. ट्रंक मी घेतली, तिने घेऊ दिली. ठकूने नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी बांधून दिली, वर आणखी नाचणीचं पीठ, वर पापड, वर पांघरायला स्वतःचं जुनं धाबळं. मंजुळा म्हणाली, “आत्याबाय, मी महाडास चाललेय, काशीला नाय.”

म्हसोबाच्या दगडाशी ती थांबली. मला वाटलं पाया पडायला. तिने फक्त चप्पल झटकली आणि पलीकडे गेली. मी आणखी खाली यष्टीपर्यंत जाणार होतो, पण तिने ट्रंक मागून घेऊन डोक्यावर ठेवली.

“तुमचे गुडघे. जावा मामंजी, उन्हं चढतील. वर्गाला याल तेवा भेटा. ती गोष्ट घेऊन या.”

“ती फाडली गो.”

“फाडली? आनि मी तुमचे टाकलेले कागद जपून ठेवले व्हते सगळे.” वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हसत होती.

गुरुवार, २ एप्रिल.

सरांना काय सांगू त्याचा विचार करतो आहे. वर्गात वाचायला गोष्ट नाही. नवी सुरू केली होती, ‘मी मंजुळा’ म्हणून, पण तेही खोडलं. ती सांगेल तेव्हा सांगेल, तिला लिहिता येतं. माझ्याकडे पुन्हा मधलाच फर्मा आला. पण घडी नीट घातली असं वाटतं, या वेळी. पुढचा कुणाच्या टेबलावर आहे ते निदान माहीत आहे.

सकाळी ठकू आणि मी झऱ्यावर गेलो होतो. एक हंडा, दोघांनी काठीला अडकवून, मध्ये टांगून. निम्मं पाणी वाटेत सांडलं. ती म्हणाली, “फर्मं दुमडून दुमडून हातात काय दम ऱ्हायला नाय तुमच्या.” मी म्हटलं, “तुझ्या तोंडात आहे तेवढा पुरे.” कुणीतरी वाटेत हसलं, येसाजीची सून असावी. तिचा हंडा रिकामाच होता, आणि ती दगडापलीकडच्या वाटेकडे बघत होती.

अजून एक खेप व्हायची आहे. ठकू हाक मारते आहे.